ठोके

खिडकीच्या गजाला सुतळीने एक ताटली बांधली आहे,
उशाशी चमचा.
उजवा हात तेवढा माझं ऐकतो. बाकी अंग
नऊ वर्षांपूर्वी विजेच्या खांबावरून पडलो
तिथंच राहिलं.
एक ठोका : पाणी.
दोन : कूस.
तीन : ते, ज्याला आम्ही अजून नाव दिलेलं नाही.
देवका गोठ्यात असो की भोयरांकडे कुरड्या घालत,
ठोके मोजत येते.

मेच्या मध्यात, भर दुपारी,
कूलरमध्ये पाणी ओतता ओतता
ती बादलीसकट खाली बसली.
म्हणजे मला वाटलं, बसली.
पाणी सारवणावरून माझ्या बाजेखाली आलं,
त्यात तिचा हात,
बांगड्या भिजत घातल्यासारखा.

देवका. वो देवका.

कूलरच्या घरघरीत माझी हाक मलाच ऐकू येईना.
बाहेर सत्तेचाळीस. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
मी चमचा उचलला
आणि तिला बोलवायच्या ताटलीवर
तिच्यासाठी बडवत सुटलो.
एक नाही, दोन नाही, तीन नाही,
आमच्या हिशेबातच नसलेले ठोके.

नत्थूजी नंतर म्हणाले,
"मले वाटलं कोनाचं पोट्टं खेळून रायलं.
पन थांबेच ना. मंग आलो."

तिच्या तळपायांना कांदा चोळला,
ओल्या लुगड्यात गुंडाळून ऑटोत घातली.
आर्वीला निघायच्या आधी आशाताई मेश्राम दारातून विचारत होत्या :
बीपी आहे का? गोळी कोणती?
सकाळी काय जेवली?
लघवीला कधी गेली?

माझा एकेक थेंब तिच्या शंभरपानी वहीत आहे.
माझ्या पाठीची जखम ती बोटाच्या पेरांनी मोजते.
आणि मला एवढंच सांगता आलं
की काल तिनं अर्धी भाकर ठेवली होती.
मला वाटलं,
माझ्यासाठी.

मग समोरचा रोशन येऊ लागला. नववीतला.
हात लावायला भ्यायचा.
खांद्याखालून धर, म्हटलं. ओढू नको, लोट.
गुडघ्यांच्या मधे उशी. आता चादरीची घडी काढ,
घडीच टोचते.
तोंडानं हे कधी बोललोच नव्हतो,
पाठीला पाठ होतं.
तेल लावायच्या आधी ती फुंकर घालते, म्हणालो.
"कायले?"
माहीत नाही रे.
घालते.

तिसऱ्या दिवशी फोन आला.
"गायीले पानी देल्लं का? पाठ पायली का कोनं?"
तुझं सांग.
मग बराच वेळ वॉर्डातल्या पंख्याचा आवाज.
"माह्यं काय.
झोपलीच मी. दोन दिस.
पन दोनदा उठून बसली.
वाटलं, ताटली वाजली."

घरी आली ती रोड होऊन.
माझ्या शेजारी दुसरी बाज पडली.
वहीच्या शेवटच्या पानापासून मी उलटं लिहायला घेतलं,
अक्षर कोंबडीच्या पायाचं :
देवका. पांढरी गोळी, सकाळी.
देवका. पोळी दीड.
देवका. विचारलं, दुखतं का. म्हणाली नाही. (खोटं.)
तिनं वही पाहिली, फणफणली.
"माह्यं काहून लिवता?"
पान मात्र फाडलं नाही.

रात्री दहाला रोशन येतो,
मोबाइल दातांत धरून मला वळवतो.
पलीकडे ती डोळे मिटून.
झोपलेली नाही, मला कळतं,
कारण रोशन फुंकर घालायला विसरला
की अंधारात, तिच्या बाजेवरून,
एक श्वास
जोरात सुटतो.